फोन ‘विकला’ म्हणजे नेमके काय झाले?

आपल्याकडच्या कोणत्याही समारंभात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की दोन-तीन विषय हमखास कानांवर पडतात. मुलांची कॉलेजे, घरांच्या किमती आणि टेक्नॉलॉजी कंपन्यांचे शेअर. या तिसऱ्या विषयात अलीकडे फोनच्या विक्रीचे आकडे फार येतात. अमक्या कंपनीने या तिमाहीत इतके कोटी फोन विकले, तमकी कंपनी पहिल्या क्रमांकावरून घसरली, आता तिचे काही खरे नाही, वगैरे. बोलणारा माणूस हुशार असतो, आकडाही बहुधा बरोबर असतो. पण ‘विकले’ या शब्दाचा अर्थ मात्र सहसा कोणी विचारत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आणि प्रबंधाचा विषय सेन्सरच्या मोजमापातील त्रुटी हा. त्यामुळे आकडा दिसला की तो किती मोठा आहे यापेक्षा तो कुठे उभे राहून मोजला, हा प्रश्न मला आधी पडतो. हा केवळ व्यवसायातून जडलेला चाळा नव्हे. आपल्यापैकी पुष्कळ घरांत पगाराचा एक भाग कंपनीच्या शेअरमध्ये मिळतो, निवृत्तीची पुंजीही बरीचशी शेअर बाजारात असते. कोणत्या कंपनीत नोकरी धरावी आणि कुठून वेळीच बाहेर पडावे, हे निर्णयही अशा आकड्यांच्या आधाराने घेतले जातात. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडावा असे वाटले.

आंब्याची पेटी आणि फोनचा खोका

देवगडच्या बागायतदाराची हापूसची पेटी डोळ्यांसमोर आणा. पेटी बागेतून ट्रकवर चढली, ही एक मोजणी. वाशीच्या घाऊक बाजारात उतरली, ही दुसरी. तिथून दादरच्या फळवाल्याकडे गेली, ही तिसरी. आणि कोणा गृहिणीने ती घरी नेऊन गवतातून आंबे काढले, ही चौथी. यंदा किती आंबा खपला, या प्रश्नाला चारही ठिकाणी वेगळे उत्तर मिळेल, आणि चौघेही खरेच बोलत असतील. वाशीत माल तुंबला, तर बागायतदाराच्या वहीत हंगाम उत्तम दिसेल आणि फळवाल्याच्या दुकानात आंबा नासत असेल.

फोनचेही तसेच आहे. कारखान्यातून निघालेला फोन वितरकाकडे जातो, वितरकाकडून दुकानात किंवा टेलिफोन कंपनीकडे, आणि तिथून गिऱ्हाइकाच्या हातात. कंपनीने पुढच्या साखळीला दिलेल्या मालाला या धंद्यात ‘सेल-इन’ किंवा ‘शिपमेंट’ म्हणतात, तर गिऱ्हाइकाने पैसे मोजून नेलेल्या मालाला ‘सेल-थ्रू’ किंवा ‘सेल-आउट’. वर्तमानपत्रातल्या मथळ्यांत दोन्हींचे भाषांतर ‘विक्री’ असेच होते. मधल्या गोदामांत किती माल पडून आहे, हा या दोन आकड्यांतला फरक. आणि बातमीत नेमका तोच सापडत नाही.

दिवाळी अंकांशी संबंध आलेल्या वाचकांना हे लगेच पटेल. प्रती किती छापल्या, विक्रेत्यांकडे किती गेल्या आणि किती परत आल्या, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. संपादक पहिला आकडा अभिमानाने सांगतो. परतीच्या गठ्ठ्यांविषयी प्रकाशक घरीच बोलतो. भारतात वृत्तपत्रांच्या खपाची तपासणी करण्यासाठी १९४८ साली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था स्थापन झाली, कारण जाहिरातदारांना छापलेल्या नव्हे, तर खपलेल्या प्रतींशी कर्तव्य होते. फोनच्या बाबतीत सर्व कंपन्यांचा माल एकाच मापाने तपासणारी अशी संस्था नाही. जे आहेत ते कंपन्यांचे स्वतःचे दावे आणि संशोधन संस्थांचे अंदाज.

आपल्या अंगणातली उदाहरणे

या विषयाची उदाहरणे शोधायला आपल्याला दूर जायला नको. अमेरिकेतील पहिली व्यापारी सेल्युलर सेवा १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागोतच सुरू झाली, आणि त्या काळचा विटेसारखा फोन बनवणारी मोटोरोला ही शॉमबर्गची कंपनी. २००६ सालच्या शेवटच्या तिमाहीत मोटोरोलाने ६ कोटी ५७ लाख फोन पाठवले. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा ही वाढ सुमारे ४७ टक्के होती, आणि कंपनीच्या दृष्टीने तो विक्रम होता. नुसता हा आकडा पाहणारा माणूस पेढे वाटील. पण त्याच तिमाहीत कंपनीचा नफा जवळजवळ निम्म्यावर आला होता. गाजलेल्या ‘रेझर’ फोनची किंमत उतरत गेली होती आणि स्वस्त फोनांचा वाटा वाढला होता. पुढच्याच तिमाहीत पाठवलेले फोन ४ कोटी ५४ लाखांवर आले आणि कंपनी तोट्यात गेली. नगांची संख्या धंद्याची तब्येत सांगत नाही, हा यातला पहिला धडा.

दुसरे उदाहरण त्याच घराण्यातले. २०११ साली मोटोरोला मोबिलिटीने ‘झूम’ नावाचा टॅब्लेट बाजारात आणला. पहिल्या तिमाहीत अडीच लाखांहून अधिक नग पाठवले, दुसऱ्या तिमाहीत ४ लाख ४० हजार, आणि तिसऱ्या तिमाहीत फक्त १ लाख. पहिले दोन आकडे पाहून मागणी वाढते आहे असे वाटावे. पण पाठवलेला माल दुकानाच्या फळीवर बसून राहिला, की दुकानदार पुढची मागणी नोंदवत नाही, आणि मगच आकडा पडतो. म्हणजे गिऱ्हाइकाचा नकार कंपनीच्या आकड्यात तीन-चार महिने उशिरा उमटतो. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्याला उशिरा दिसावा, तसाच हा प्रकार.

तिसरे उदाहरण फोनचे नाही, फोनच्या यंत्रणांचे आहे. पण नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्यांनी ते विसरू नये असे मला वाटते. १९६६ साली इथे बेल लॅब्जचे इंडियन हिल केंद्र सुरू झाले. ‘फाइव्ह ई-एस-एस’ या प्रख्यात टेलिफोन स्विचचे बरेचसे काम इथलेच. १९९६ साली एटी अँड टीपासून वेगळी होऊन ल्यूसंट ही कंपनी झाली, आणि १९९९च्या डिसेंबरात तिचा शेअर सुमारे ८४ डॉलरवर पोचला. २०००च्या डिसेंबरात कंपनीने आधी जाहीर केलेल्या एका तिमाहीच्या विक्रीतून ६७ कोटी ९० लाख डॉलर कमी केले. त्यांतले ४५ कोटी २० लाख डॉलर असे होते की माल वितरकांना ‘विकला’ गेला होता, पण पुढे खऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचलाच नव्हता. अमेरिकेच्या रोखे आयोगाने, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, २००४ च्या मे महिन्यात ल्यूसंटवर आरोप ठेवला की आर्थिक वर्ष २००० मध्ये सुमारे १.१५ अब्ज डॉलरची विक्री अयोग्य रीतीने हिशेबात धरली गेली. तोवर, २००२च्या ऑक्टोबरात, शेअर एका डॉलरच्याही खाली जाऊन आला होता. ही सारी घसरण केवळ त्या नोंदींमुळे झाली नाही. त्या काळी दूरसंचार क्षेत्राचा फुगाच फुटला. पण ज्यांची नोकरी आणि निवृत्तीची पुंजी एकाच कंपनीत होती, त्यांना सेल-इन आणि सेल-थ्रू यांतला फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही.

मोजणारे कोण आणि कसे मोजतात?

आयडीसी, काउंटरपॉइंट, कॅनॅलिस ही नावे बातम्यांत वारंवार येतात. यांतले कोणीही प्रत्येक फोन मोजत नाही. ते कंपन्यांशी बोलतात, वितरकांकडून माहिती घेतात, आयात-निर्यातीच्या नोंदी पाहतात, पडदे आणि चिप पुरवणाऱ्यांकडे किती माल मागवला गेला याचा कानोसा घेतात, आणि या सगळ्यांचा मेळ घालून अंदाज बांधतात. जीएफकेसारख्या संस्थेची पद्धत वेगळी: निवडक दुकानांच्या गल्ल्यावरची प्रत्यक्ष विक्री घेऊन तिच्यावरून सगळ्या बाजाराचे अनुमान करायचे. भातातले शीत तपासण्यासारखेच हे आहे. फक्त शीत भांड्याच्या सगळ्या भागांतून घेतले पाहिजे.

अंदाज म्हटला की फरक आलाच. २०२३ या वर्षात ॲपलने जगभर किती आयफोन पाठवले? आयडीसीचा अंदाज २३ कोटी ४६ लाख, कॅनॅलिसचा २२ कोटी ९२ लाख. एकाच कंपनीच्या एकाच वर्षाच्या मालात ५४ लाखांचा फरक! दोन्ही संस्था प्रामाणिक आहेत आणि फरक अवघा सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून तो दोष नव्हे. पण मग पहिल्या आणि दुसऱ्या कंपनीत एक-दोन टक्क्यांचे अंतर असेल, तर ‘अमकीने बाजी मारली’ असा मथळा फार गंभीरपणे घेऊ नये. ज्या फूटपट्टीवर सेंटिमीटरच्याच खुणा आहेत, तिने मिलिमीटर मोजण्यासारखे ते होईल.

भारतातला एक वाद या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१७च्या शेवटच्या तिमाहीत शाओमीने भारतात ८२ लाखांहून थोडे अधिक फोन पाठवले आणि सॅमसंगने ७३ लाखांहून थोडे अधिक, असे कॅनॅलिसने सांगितले. काउंटरपॉइंटनेही शाओमीलाच पहिला क्रमांक दिला. सॅमसंगने ते मान्य केले नाही. जीएफकेच्या आकड्यांचा हवाला देऊन, अखेरच्या ग्राहकाला झालेल्या विक्रीत आपणच बरेच पुढे आहोत, असे तिने म्हटले. खोटे कोण बोलत होते? बहुधा कोणीच नाही. एकीकडे कंपनीतून निघालेला माल मोजला होता, दुसरीकडे दुकानातल्या गल्ल्यावरचा. शाओमीची बरीच विक्री तेव्हा इंटरनेटवरून होत होती, आणि सॅमसंगचे बळ गावोगावच्या दुकानांत होते. दुकानात उभे राहून मोजले तर सॅमसंग मोठी दिसणार, हे उघड आहे.

एका अक्षराने केवढा घोटाळा होतो, याचीही एक गमतीची हकिकत आहे. २०१० अखेर सॅमसंगने आपले २० लाख ‘गॅलेक्सी टॅब’ टेलिफोन कंपन्यांना आणि दुकानांना पाठवल्याचे सांगितले होते. २०११च्या जानेवारीत गुंतवणूकदारांशी झालेल्या संभाषणात, गिऱ्हाइकांपर्यंतची विक्री कशी आहे या प्रश्नावर कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दिलेले उत्तर ऐकणाऱ्यांनी ‘स्मॉल’ असे टिपून घेतले आणि जगभर गवगवा झाला. पुढे खुलासा झाला की मूळ शब्द ‘स्मूथ’ होता. हा गोंधळ होऊ शकला, याचे कारण असे की २० लाखांच्या पलीकडचा दुसरा आकडा कंपनीने दिलाच नव्हता.

पंचांग आणि कॅलेंडर

तिमाहीची तुलना करताना कॅलेंडरही पाहावे लागते. ॲपलची ऑक्टोबर ते डिसेंबर २०११ ही तिमाही १४ आठवड्यांची होती, पुढच्या वर्षीची १३ आठवड्यांची. विक्री ३ कोटी ७० लाखांवरून ४ कोटी ७८ लाखांवर गेली, म्हणजे वाढ २९ टक्के. पण दर आठवड्याचा हिशेब केला तर वाढ सुमारे ३९ टक्के निघते. एक आठवडा कमी-अधिक झाला आणि वाढीचे दहा टक्के इकडचे तिकडे झाले.

भारतात यात आपले पंचांगही येते. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, २०२३ साली १२ नोव्हेंबरला. दसरा-दिवाळीचा माल दुकानदार आधी भरून ठेवतात. सण लवकर आला तर कंपनीची ‘विक्री’ जुलै-सप्टेंबरच्या खात्यात जास्त पडते, उशिरा आला तर काही भाग पुढे सरकतो. अधिक मासामुळे सण पुढे गेला आणि कोणा विश्लेषकाने त्यातून मागणी मंदावल्याचा निष्कर्ष काढला, तर आपण निदान मनातल्या मनात हसू शकतो.

आपल्या घरातले फोन कुठे मोजले जातात?

आता आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. समजा, रूट ५९वरच्या दुकानातून आपण एक नवा आयफोन घेतला आणि डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला भाच्याला नेऊन दिला. शिपमेंटच्या हिशेबात तो अमेरिकेत मोजला गेला. भारतातल्या विक्रीच्या आकड्यात तो कधीच येणार नाही. पण भाचा त्यावरून रोज इंटरनेट वापरतो, म्हणून संकेतस्थळांना भेट देणाऱ्या यंत्रांची गणती करणाऱ्यांच्या हिशेबात तो भारतातला फोन आहे. २०२२च्या आयफोन १४पासून अमेरिकेतल्या फोनना सिमकार्डाची खाचच नसते. त्यामुळे ‘मामी, तिकडून नको आणू, इथे चालवताना अडचण येते’ असे निरोप येऊ लागले. अशा वेळी भाचा तोच फोन पुण्यात घेतो, आणि जगात एकाही फोनची भर न पडता अमेरिकेची विक्री एकाने घटते आणि भारताची वाढते.

आपला जुना फोन टेलिफोन कंपनीला परत दिला तर तो साफसूफ होऊन दुसऱ्या कोणाला विकला जातो. नव्या फोनच्या विक्रीत ही दुसरी विक्री धरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण वापरणाऱ्यांची संख्या मात्र वाढते. म्हणूनच नव्या फोनची विक्री घटत असताना वापरात असलेल्या फोनची संख्या वाढू शकते. यात विरोधाभास काही नाही. लोक फोन जास्त वर्षे वापरतात, एवढेच. जगभरातील स्मार्टफोनच्या शिपमेंट २०१६ साली सुमारे १४७ कोटी होत्या आणि २०२३ साली सुमारे ११७ कोटी, असे आयडीसीचे आकडे आहेत. या काळात जगाने फोन वापरणे कमी केले, असे कोणीही म्हणणार नाही.

माणसे, फोन आणि सिमकार्डे यांचीही गल्लत होते. दिल्लीत दर शंभर माणसांमागे दोनशेहून अधिक टेलिफोन जोडण्या दिसतात, याचा अर्थ तान्ह्या मुलांच्या हाती दोन-दोन फोन आहेत असा नव्हे. दोन सिमांचे फोन, कार्यालयीन जोडण्या आणि आजूबाजूच्या शहरांत राहणारी पण दिल्लीचा नंबर वापरणारी माणसे असा हा सगळा मेळा आहे. म्हणून भारताचे दूरसंचार नियामक प्राधिकरण नोंदलेल्या जोडण्यांबरोबर प्रत्यक्ष चालू असलेल्या जोडण्यांचाही वेगळा आकडा देते. शहाणपणाची पद्धत आहे ही.

आकडा देणेच बंद झाले तर?

१ नोव्हेंबर २०१८ रोजी ॲपलने जाहीर केले की यापुढे आयफोन किती नग विकले हे आम्ही सांगणार नाही. त्या दिवशी दिलेल्या शेवटच्या आकड्यांत कारण दडलेले आहे. जुलै-सप्टेंबर २०१८ मध्ये विकलेले फोन ४ कोटी ६९ लाख, आदल्या वर्षी ४ कोटी ६७ लाख. म्हणजे नगांत वाढ जवळजवळ शून्य. पण उत्पन्न २८.८ अब्ज डॉलरवरून ३७.२ अब्जांवर गेले, कारण एका फोनची सरासरी किंमत ६१८ डॉलरवरून ७९३ डॉलर झाली होती. कंपनीचे म्हणणे असे की नगांची संख्या आता आमच्या धंद्याचे खरे चित्र दाखवत नाही. मोटोरोलाचे २००६चे उदाहरण आठवले तर या म्हणण्यात तथ्य आहे. पण हेही खरे की आकडा चढता असताना तो सांगायला कोणतीच कंपनी कंटाळत नाही. कंपनीने मापच बदलले, तर नव्या मापाने काय दिसते याबरोबर जुन्या मापाने काय दिसेनासे झाले, तेही पाहावे. ‘वापरात असलेली यंत्रे’ हा ॲपलचा पुढे गाजलेला आकडा, २०२५च्या जानेवारीत २.३५ अब्ज, यात फोनबरोबर संगणक, घड्याळे वगैरे सर्व काही आले. तो खोटा नाही, पण त्यावरून यंदा किती फोन विकले हे कळणार नाही.

याच्या उलट ब्लॅकबेरीचे उदाहरण. २०१३च्या उन्हाळ्यातील तिमाहीत कंपनीने ३७ लाख फोनांची विक्री हिशेबात धरली, पण ग्राहकांच्या हाती ५९ लाख गेले असे सांगितले. मालक म्हणतो थोडे विकले, गिऱ्हाईक म्हणते पुष्कळ घेतले, हे कसे? उत्तर गोदामात होते. आधीच्या तिमाहींत पाठवलेला माल आता कुठे हलत होता. त्याच तिमाहीत न खपलेल्या मालापोटी कंपनीने सुमारे ९३ कोटी डॉलर खर्ची टाकले. इथे मोठा आकडा दिलासा देणारा वाटला, तरी त्यातले पुष्कळ फोन जुन्या साठ्यातलेच होते.

वाचताना काय विचारावे?

तेव्हा पुढच्या वेळी असा आकडा समोर आला तर मी स्वतःला जे प्रश्न विचारते, ते सांगते. मोजणी साखळीच्या कोणत्या टप्प्यावर झाली: कारखान्याच्या दारात, दुकानाच्या गल्ल्यावर की वापरणाऱ्याच्या हातात? मोजणारा कोण, आणि त्याला आकडा मोठा दिसण्यात काही स्वारस्य आहे का? तुलना कोणत्या काळाशी, आणि त्यात सण किंवा जादा आठवडा आला आहे का? दोन कंपन्यांतला फरक मोजणीतल्या चुकीपेक्षा मोठा आहे का? आणि नगांबरोबर सरासरी किंमत, नफा आणि गोदामातला साठा काय सांगतात?

शेवटचा प्रश्न नोकरदारांसाठी विशेष महत्त्वाचा. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत मालसाठा आणि येणे रक्कम असे दोन रकाने असतात. विक्री वाढते आहे, पण त्याहून वेगाने येणे रक्कम वाढते आहे, असे दिसले तर माल दिला, पैसे यायचे आहेत, एवढाच त्याचा सरळ अर्थ. त्यामागे साधी कारणेही असू शकतात. पण ती विचारावीत. हे अहवाल रोखे आयोगाकडे सार्वजनिक असतात, कोणालाही फुकट वाचता येतात. आपण मुलांच्या शाळांचे गुण आणि घरांचे कर इतक्या बारकाईने पाहतो. ज्या कंपनीवर घर चालते, तिचे हे दोन रकाने पाहायला वर्षातून एक संध्याकाळ पुरते.

मी आर्थिक सल्लागार नाही, आणि कोणते शेअर घ्यावेत हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण या परिसरात टेलिफोनच्या धंद्यावर अनेक घरे उभी राहिली आणि त्यांतली काही त्याच धंद्याच्या पडझडीत हलली. त्या घरांतली माणसे अडाणी नव्हती. यंत्रणा त्यांनीच तर बनवल्या होत्या. नोकरी आणि पुंजी एकाच टोपलीत असेल, तर निदान त्या टोपलीवरची चिठ्ठी कोणी लिहिली आणि कधी लिहिली, एवढे तरी आपण वाचावे.